चौथी पास असतो तं!

शाळा दिसली की किसनराव बैलगाडीवरून खाली उतरत, वहाणा काढून हातात घेत आणि शाळा मागे पडेपर्यंत अनवाणी चालत. देवळासमोर हेच गृहस्थ गाडीवर बसूनच हात जोडत. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेला कुलूप असे, तरी वहाणा हातात! पोळलेल्या पायांनी चाललेला तो नाच बघायला पारावरची मंडळी जमत. मी त्याच शाळेचा मास्तर. पण मान सगळा भिंतींना, मला नुसता रामराम.

किसनराव गावचा कापूस कारंज्याच्या बाजारात पोचवत. त्यांची स्वतःची शाळा तिसरीतच सुटली होती. "बाप म्हने, एक येचनी होऊ दे, मंग जाय." कापूस वेचून झाला, पण शाळेत परत कुणी धाडलं नाही. तेव्हापासून जगातल्या यच्चयावत दुःखांचं कारण त्यांना ठाऊक होतं. चाक चिखलात रुतलं, "चौथी पास असतो तं!" भाजी खारट झाली, "चौथी पास असतो तं!"

एकदा मी म्हटलं, "अहो, चौथी पास तुम्ही होणार, मीठ तर वहिनी घालणार ना?"

"चौथी पास मानसाले खारट वाढाची हिंमत कोनाची हाय, गुरुजी?"

मी सातवी पास होतो आणि घरी मुकाट खारट खात होतो.

लेकीला, कमळीला, मात्र ते रोज गाडीतून शाळेत आणत. ती दाराशी उतरली की गाडी पुढे कारंज्याला. ती चौथीत गेली तेव्हा त्यांनी अख्ख्या बाजाराला सांगितलं, "आता घरातच चौथी पास होते!"

दिवाळीनंतर कमळी येईना. मी घरी गेलो. वहिनी बाळंतिणीच्या खाटेवर, बाळ कमळीच्या कडेवर.

"लेकरू कोन पाहीन, गुरुजी? कापूस फुटून राह्यला. एक येचनी होऊ द्या, मंग धाडतो."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांनाच ऐकू आलं असावं. त्यांनी मान खाली घातली.

संक्रांत गेली, वेचण्या संपल्या. कमळी आली नाही.

एका सकाळी प्रार्थना आटोपून बाहेर आलो, तर दाराशी गाडी उभी. शेजारी किसनराव अनवाणी, वहाणा हातात.

"हाका की किसनराव, बाजार चुकेल."

"राहू द्या जरा, गुरुजी." बैलाच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "इथं आले का थांबतेत. कमळी आता उतरत नाई, हे त्याईले अजून कोनी सांगतलं नाई."