गाडीकडे पाठ करू नये

हे लिहिणार नव्हतो. दोनदा टायपिंगच्या मशीनला कागद लावला आणि दोनदा काढला. यात कुणाची नोकरी जायची नाही, ज्याची होती तो रिटायर झाला. पण एक बाई आहे, तिला यातलं शेवटचं कळायला नको. तिला वाचता येत नाही, त्या भरवशावर लिहितोय.

लाईनचं नाव सांगत नाही. आमच्या खान्देशातली छोटी लाईन, एवढं पुरे. छोटे रूळ, चार डबे, कोळशाचं इंजिन. नथ्थूआबा ते तीस वर्षं चालवत होते. या लाईनीची एक रीत होती, ती आधी सांगायला पाहिजे. रुळाजवळ माणूस उभा दिसला की गाडी थांबायची. स्टेशन असो नसो. हात दाखवायचीही गरज नाही, गाडीकडे तोंड करून उभं राहिलं की झालं. गाडी नको असेल तर पाठ करायची. शेतात काम करणाऱ्या बाया, गुरं राखणारे, लोटा घेऊन बसलेले, सगळे गाडी आली की पाठ करायचे. पाठ दिसली की आबा पुढे जायचे. कुठल्या पुस्तकात हे लिहिलेलं नव्हतं, पण पुस्तकापेक्षा जास्त पाळलं जायचं.

आबांचं घर रुळापासून शंभर पावलांवर, एका हाल्टच्या अलीकडं. त्यांची बायको धुरपदाबाई दारात आली की गाडी थांबायची. मग आबा वरूनच विचारायचे, ताक आहे का, बकरीला डॉक्टरला दाखवलं का. प्रवाशांना त्याचं काही वाटायचं नाही. बकरीची चौकशी तेही करायचे.

ब्याण्णव सालच्या मार्चअखेर कोळशाचं इंजिन बंद होणार आणि त्याच दिवशी आबा रिटायर होणार असं ठरलं. तेव्हा धुरपदाबाई धरणगावला लीलाधरच्या स्टुडिओत आल्या. लीलाधर लग्नाचे फोटो काढतो. त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "गाडी चालावतांना मी त्यास्ले कधी पाह्यंच नही."

लीलाधरला आधी समजलं नाही. मग त्यांनी सांगितलं. तीस वर्षांत जेव्हा जेव्हा त्या बघायला उभ्या राहिल्या, तेव्हा तेव्हा गाडी थांबली. नवरा ड्रायव्हर आहे हे त्यांना पगारावरून माहीत होतं. धावत्या इंजिनात तो कसा दिसतो ते माहीत नव्हतं. एक फोटो पाहिजे. गाडी पळतेय आणि ते चालवताहेत, असा. एकतीस तारखेनंतर तो कुणालाच काढता येणार नव्हता.

लीलाधरनं होकार दिला. पण आदल्या साली पुण्याकडचे काही हौशी लोक रुळात झोपून इंजिनाचे फोटो काढत होते, तेव्हापासून परवाना लागत होता. अर्ज मी टाईप केला. मशीन मी माझं मीच शिकलोय, त्यामुळं 'इंजिन' तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं झालं. तरी पाच महिन्यांनी परवाना आला. एका दिवसाचा, एकतीस मार्चचा. सोबत अकरा अटी.

एकतीसच्या सकाळी अटी वाचून दाखवायला लीलाधरनं मला बरोबर रुळावर, वळणाजवळ नेलं. तिथं रेल्वेकडून निंबा हजर होता. निंबा चावीवाला. रोज पाच मैल रूळ चालत जाऊन ढिल्या चाव्या ठोकायच्या, हे त्याचं काम. माझा दोस्त. वयानं वीस वर्षं मोठा, पण दोस्तच. फोटोवाल्याबरोबर रेल्वेचा माणूस पाहिजे ही पहिली अट होती आणि तो माणूस निंबा होता. त्यानं पहाटेच दोरीनं मोजून रुळापासून दहा फुटांवर चुन्याची रेघ ओढून ठेवली होती. दहा फूट ही दुसरी अट.

मी पुढच्या वाचल्या. फोटोवाला ड्रायव्हरला लांबून दिसला पाहिजे, लपायचं नाही. कपडा भडक पाहिजे, पण लाल नको, हिरवा नको. फोटोसाठी गाडी थांबवायची नाही. थांबली तर गार्ड कारण लिहील. आणि नववी अट, गाडी निघून जाईपर्यंत तिच्याकडे पाठ करू नये.

नववी ऐकून निंबानं चुन्याच्या रेघेकडं पाहिलं. मग म्हणाला, "तोंड करून उभं राहायचं आणि गाडी थांबवायची नाही?"

"तसंच लिहिलंय."

"लिहिणारा या लाईनीवर आलेला दिसत नाही."

गाडी त्या दिवशी चार वेळा जाणार होती. दोनदा तिकडं, दोनदा इकडं. आम्हाला चारातली एकच पाहिजे होती, त्यामुळं काळजी वाटली नाही.

भडक कपडा म्हणून लीलाधरनं स्टुडिओतला पिवळा फेटा आणला होता. नवरदेवांना फोटोपुरता घालायचा, तयार बांधलेला. तो घालून तो चुन्याच्या रेघेमागं उभा राहिला. नऊ वाजता गाडी वळणावर आली. इंजिनाला झेंडूच्या माळा घातलेल्या. छान धूर सोडत आली आणि बरोबर लीलाधरसमोर थांबली.

आबा खाली वाकले. लीलाधर म्हणाला, आबा, थांबायचं नव्हतं. आबा म्हणाले, फेटा बांधलेला नवरदेव रस्त्यावर उभा असल्यावर कसं जाणार, लोक काय म्हणतील. तोवर डब्यातून माणसं उतरली होती. कुठलं लग्न, वऱ्हाड कुठंय, अशी चौकशी झाली. फोटोवाला आहे म्हटल्यावर चौकशी थांबली आणि माणसं इंजिनाला टेकून उभी राहिली. लीलाधर लग्नातला माणूस. समोर कुणी नीट केस करून उभं राहिलं की त्याचं बोट आपोआप चालतं. चौदा फोटो गेले.

गार्डसाहेबांनी डायरी काढली. एरवी असल्या थांबण्याची नोंद कुणी करत नसे, पण शेवटचा दिवस म्हणून सगळं लिहून पाठवा असा वरून हुकूम होता. त्यांनी विचार करून लिहिलं, 'रुळावर बैल.'

बाराला गाडी परत येणार होती. फेटा डोक्यावरून काढला, सोडला आणि लीलाधरनं छातीला गुंडाळला. भडक ते भडक. कॅमेरा तिकाटण्यावर, म्हणजे तीन पायांच्या स्टँडवर लावला. गाडी आली, थांबली. आता कोळसा टाकणारा फायरमन, आधार नावाचा, खाली उतरला आणि त्यानं कॅमेऱ्यासकट तिकाटणं उचललं. गाडीत ठेवायला. आबांना लांबून सामान दिसलं होतं, आणि सामान जड असेल तर आधारनं उतरून हात द्यायचा ही दुसरी रीत. तिकाटणं परत मिळेपर्यंत पुन्हा माणसं केस विंचरून उभी. बारा फोटो गेले. डायरीत 'रुळावर म्हैस' आली.

आबांना वाईट वाटत होतं. त्यांनी लीलाधरला बाजूला घेतलं. "तू म्हनस ते समजस माले. पन मानूस उभा शे आनि मी निंघी जाऊ? हात आयकत नही."

आणि त्यांनी हात पुढं करून दाखवला, जसा काही तो दुसऱ्याचा होता.

अडीचच्या गाडीला धुरपदाबाई स्वतः आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. फोटोबरोबर आपणही डोळ्यांनी बघून घेऊ, असं त्यांच्या मनात आलं. दिवस मोठा म्हणून त्या लग्नातलं लुगडं नेसून आल्या होत्या. लाल.

निंबानं ते पाहिलं, पण उशिरा पाहिलं. गाडी वळणावर आली होती. या वेळी ब्रेक असा लागला की माळांमधला झेंडू रुळावर सांडला.

"लाल दखायनं, थांबनू," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच खुलला होता. दिवसभरात हे एक थांबणं नियमात बसत होतं.

धुरपदाबाई म्हणाल्या, "हिरवं नेसू तरी थांबतस. तीस वरीसफाईन हाईच."

मग त्या रेघेच्या मागं जाऊन खाली बसल्या. डब्यातल्या माणसांनाही काहीतरी कळलं असावं, कारण या वेळी थोडेच उतरले. तरी नऊ फोटो गेले. गार्डसाहेब आमच्याकडं आले आणि हळू आवाजात म्हणाले की खरं कारण लिहिलं तर परवाना रद्द होईल, आणि जनावरं आता त्यांच्याकडं उरली नाहीत. शेवटी त्यांनी 'बकरी' लिहिलं. पण पुन्हा थांबली तर नाव लिहीन, असं सांगून गेले.

लीलाधरनं कॅमेऱ्यावरचा आकडा पाहिला. छत्तीसचा रोल. एक राहिला होता. गाडीही एकच राहिली होती, पाचची.

आम्ही बाभळीखाली बसलो. मी म्हटलं, लपू या. निंबा म्हणाला, अट आहे. लीलाधर म्हणाला, कॅमेरा ठेवून लांब जाऊ. निंबा म्हणाला, सामान विसरलं म्हणून थांबतील, आणि तुमच्या घरी पोचतंही करतील. निंबा हातोडीचा दांडा घासत बसला होता. त्याच्या मनात काय चाललंय ते आम्हाला ठाऊक होतं, कारण तेच आमच्याही मनात होतं. पण ते रेल्वेच्या माणसानं म्हणायला पाहिजे होतं.

शेवटी तो म्हणाला, "नववी परत वाच."

मी वाचली. गाडी निघून जाईपर्यंत तिच्याकडे पाठ करू नये.

"कुणी, ते लिहिलंय का?"

नव्हतं लिहिलं.

"मग मी नाही करणार," निंबा म्हणाला. "मी हिरवी झेंडी धरून तोंड करून उभा राहतो. आबा माझ्यासाठी कधीच थांबले नाहीत, मी रेल्वेचा. नियम माझ्यातर्फे पाळला जाईल. तुम्ही सगळे पाठ करा."

कॅमेऱ्याला दाबायची वायर असते. लीलाधरनं ती हातात घेतली, हात मागं नेला, तोंड शेताकडं केलं. तिकाटण्याला निंबानं आपलं उपरणं गुंडाळलं, म्हणजे ते सामान वाटू नये. लाल लुगडं झाकायला धुरपदाबाईंना पिवळा फेटा शालीसारखा पांघरला. त्या पाठ करायला तयार होईनात. बघायला आले आणि पाठ करू, असं त्यांचं म्हणणं होतं.

निंबा त्यांना म्हणाला, "अक्का, तुम्ही पाहिलं की ते थांबणार. थांबले की तुम्ही पाहिलेलं काय कामाचं?"

त्यांनी थोडा वेळ रुळाकडं पाहिलं. मग वळल्या. मीही वळलो. समोर पऱ्हाटीचे, कापसाच्या वाळल्या काड्यांचे, भारे रचलेले होते, ते मला अजून आठवतात, कारण त्या लाईनीवरच्या शेवटच्या कोळशाच्या गाडीच्या वेळी मी तेच पाहत होतो.

शिटी झाली. रूळ वाजायला लागले. गाडीचा आवाज जवळ आला आणि थोडा हळू झाला. धुरपदाबाईंनी डोळे मिटले. मग आवाज परत वाढला. पाठीला गरम वारा लागला, निंबा "आता" म्हणाला, लीलाधरनं वायर दाबली. चार डबे गेले. मानेवर कोळशाची कणी पडली.

आवाज संपल्यावर आम्ही वळलो. धूर होता.

"कसे दिसनात?" धुरपदाबाईंनी निंबाला विचारलं. पाहणारा तो एकटाच होता.

निंबा झेंडी गुंडाळत होता. त्यानं ती नीट गुंडाळली, सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

"चांगले दिसले," तो म्हणाला.

फोटो आठ दिवसांनी धुऊन आला. लीलाधरचा तो सगळ्यात चांगला फोटो आहे. उभा धूर, तिरपं ऊन, माळा मागं उडालेल्या, चाकं पुसट. आणि इंजिनात आबा. पण त्यांचाही चेहरा नाही. पाठ आहे. थोडी वाकलेली, मान खाली. लीलाधरला रडू यायचं बाकी होतं. छत्तीसमधल्या पस्तीस फोटोंत आबा कॅमेऱ्याकडं बघून हसताहेत, आणि ज्या एकात चेहरा पाहिजे होता त्यात पाठ.

आम्ही भीत भीत फोटो घेऊन गेलो. आबा घरी नव्हते, बकरीला घेऊन गेले होते. धुरपदाबाईंनी फोटो उजेडात धरला. बराच वेळ पाहिला.

"दखा," त्या म्हणाल्या. "कितला कामम्हा शेतस. वर दखतस बी नही."

आणि त्यांनी तो पदरानं पुसला. आता त्यांच्या घरात दारासमोरच लावलाय. आलेल्या प्रत्येकाला त्या ती पाठ दाखवतात. हात दिसत नाहीत, ते पुढं कामात आहेत, असंही सांगतात.

परत येताना निंबा रुळावरून चालत होता, मी कडेनं. लीलाधर पुढं गेला होता. रुळाच्या जोडावरच्या एका फिशप्लेटपाशी निंबा थांबला आणि म्हणाला, "तुला एक सांगतो."

मग सांगितलं. गाडी हळू झाली तेव्हा आबांचा हात ब्रेकवर गेला होता. पिवळ्या फेट्याखाली लाल काठ दिसत होता, त्यांनी बायको ओळखली होती. निंबानं झेंडी हलवली. आबांनी ब्रेक सोडला, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले आणि तोंड फिरवून उभे राहिले. हात आयकत नव्हता म्हणून. आमच्यासमोरून इंजिन गेलं तेव्हा ते आधारनं नेलं. फायरमननं. तीस वर्षांत त्या बाईसमोरून एकदाच गाडी धावत गेली आणि तेव्हा तिचा नवरा ती चालवत नव्हता.

मी निंबाला विचारलं, हे नियमात बसतं का. त्यानं चावीवर हातोडी मारली, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, ते विचारू नकोस. तू लिहितोस म्हणे काय काय. लिही. पण अक्काला वाचून दाखवायचं नाही, शब्द दे.

दिला. आणि त्यांनी कधी स्वतःहून मला विचारलं, तर त्या फोटोत गाडी आबाच चालवताहेत असंच मी सांगेन, हाही दिला.