पानांची हजामत

पान कसं ओळखावं, हे शिकवावं तर मीच! शाळेत चाळीस वर्षं दुसरं केलं काय? त्यामुळे सातवीतली नात म्हणाली, "आजोबा, विज्ञान प्रदर्शनासाठी मी कॉम्प्युटरला भेंडी, कापूस आणि चवळीची पानं ओळखायला शिकवतेय. तीनशे फोटो हवेत," तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "परवा घे!"

"तो पानाचा फक्त आकार बघतो हं! खाचा किती, खोल किती, एवढंच."

काय डोकं पोरीचं!

मी मळ्यात गेलो. पण पानं कसली ती! कुणाला अळीनं कुरतडलेलं, कुणाचं टोक फाटलेलं. असं गबाळं ध्यान कॉम्प्युटरपुढे उभं करायचं? मुलांची नखं तपासून मगच त्यांना वर्गात घेणारा माणूस मी! कात्री काढली. फाटकी टोकं छाटली, कडा छान गोल केल्या. पानं कशी गुटगुटीत दिसायला लागली! मग त्यांचे फोटो काढून नातीला दिले.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी नातीनं चवळीचं पान दाखवलं. कॉम्प्युटर म्हणाला, "भेंडी!" दुसरं दाखवलं. "कापूस!"

"आता माझा पंजा दाखव," सूनबाई म्हणाली, "चवळी म्हणेल!"

नातीचे डोळे भरून आले. "उद्या परीक्षकांसमोर असं झालं तर?" पण रडत बसली नाही. एकेक फोटो उघडून बघायला लागली. मध्येच थांबली.

"आजोबा, ही भेंडी सलूनमध्ये गेली होती?"

मी घसा खाकरला. "जराशी... हजामत केली."

"अहो, खाचाच उडवल्यात तुम्ही! मग त्याला चवळी वेगळी कशी कळणार? आणि शेतात पानं फाटकीच असतात. त्याला तशीच दाखवायची."

इतक्या शांतपणे मी तरी कधी कुणाची चूक सांगितली होती?

अंधार पडेपर्यंत आम्ही तिघं फाटक्या पानांचे फोटो काढत होतो.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी पिशवीतून निम्मं अळीनं खाल्लेलं पान काढलं. कॉम्प्युटर म्हणाला, "भेंडी!"

"बरोबर!" परीक्षक म्हणाले. मी इतक्या टाळ्या वाजवल्या, की शेजारच्या टेबलावरचा मातीचा ज्वालामुखी कलंडला!

मग तिच्या फलकावरचे आभार वाचले. बाईंचे, आईचे, आणि खाली वेगळ्या चौकटीत: "चुका पुरवल्याबद्दल आजोबांचे विशेष आभार."

मी त्या चौकटीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. चाळीस वर्षं नोकरी केली, पण मला मिळालेलं हे पहिलंच प्रशस्तिपत्रक!