रिकाम्या कंटेनरची ड्रमर

हर्षदा घरत चार मोजल्याशिवाय कोणतंही काम सुरू करत नाही. फोन वाजला की आधी पुटपुटणार, "एक, दोन, तीन, चार", आणि मग "हॅलो". चहाचा पहिला घोटसुद्धा चारानंतरच. गावच्या घरी असताना एकदा तिला बघायला उरणची मंडळी आली होती. मुलाच्या मामांनी "नाव काय बाळ?" विचारलं. बाईसाहेबांनी शांतपणे चार मोजले आणि मग नाव सांगितलं. मुलीला स्वतःचं नाव आठवावं लागतं, असा निरोप मागाहून आला.

"बरा झाला," हे सांगताना ती मला म्हणाली. "काका, मोजल्याबिगर चालू केला का सगला फिसकटतं."

आमचं पनवेलला क्लिअरिंग एजंटचं ऑफिस. न्हावा शेवा बंदरात उतरणाऱ्या मालाची कागदपत्रं करायची. मी तिथला सर्वांत जुना कारकून, ती सर्वांत वेगानं टाइप करणारी. शनिवार-रविवारी मात्र ती 'रिकामा कंटेनर' नावाच्या रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायची, प्रत्येक गाण्याआधी काठ्या आपटत चार मोजून. नाव तिनंच सुचवलेलं. बाकीच्या तिघा मुलांना त्यात काहीतरी गहन अर्थ दिसला होता. ही मंडळी फक्त स्वतःची गाणी वाजवत. लग्नाची सुपारी घेत नसत, त्यामुळे मानधन बहुधा टाळ्या आणि सँडविच.

आमचे ट्रेलरवाले एरवी कुणाचं ऐकतील तर शपथ. पण हर्षदाचे ड्रम न्यायचे म्हटलं की भांडून नंबर लावत. परवेझभाई तर स्वतःची रजई ड्रमला गुंडाळायचा आणि हमालांवर ओरडायचा, "मॅडम का सामान है, आहिस्ता!" मला विचाराल तर ड्रमचा आवाज म्हणजे जिन्यावरून भांड्यांचं कपाट कोसळावं तसा. पण सलग दोन तास ते कपाट कोसळवत ठेवायला अंगात काय लागतं, हे मी त्यांच्या पुण्यातल्या एका कार्यक्रमात पाहिलं आणि हात जोडले.

त्या दिवशी मी सामानाबरोबर गेलो होतो. दारावर पाहुण्यांची यादी होती, तिच्यात माझं नाव नव्हतं. बँडचा गायक म्हणाला, "काका, तुम्ही महादेव घरत म्हणून जा. हर्षदा प्रत्येक शोला ते नाव लिहिते. कधीच कोणी येत नाही."

महादेव घरत म्हणजे तिचे वडील. राहणार गव्हाण. पंचक्रोशीतली हळद त्यांच्या ढोलकीशिवाय होत नसे. पण पोरगी वाजवायचं म्हणाली तेव्हा "पोरीनी हलदीत नाचाचा, वाजवाचा नाय," असं त्यांनी सुनावलं. ती घर सोडून पनवेलजवळ सुकापूरला खोली घेऊन राहिली. तीन वर्षं बापलेकीत बोलणं नव्हतं. ऑफिसात हे सगळं तिनं हसत सांगितलं होतं आणि मीही ते हसण्यावारी नेलं होतं. आता दारावर मिळालेला पाहुण्यांचा कागदी पट्टा मनगटाला बांधून मी तिच्या बापाच्या जागी बसलो, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या रविवारी तिला न सांगता मी गव्हाण गाठलं. महादेवराव ओट्यावर ढोलकीच्या दोऱ्या आवळत बसले होते. मी कार्यक्रमाचं भरभरून वर्णन केलं. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. शेवटी मी उठून चपला घातल्या, तेव्हा म्हणाले, "डावा हात अजून मागं पडतो काय तिचा?"

मला त्यातलं काय कळणार? "छान वाजवते हो," एवढंच म्हणालो.

सोमवारी हर्षदाला सगळं सांगितलं, बापाच्या त्या प्रश्नासकट. नसती उठाठेव केली म्हणून ती रागावेल, अशी तयारी ठेवली होती. तिचं टायपिंग थांबलं.

"'अजून' बोलले? नक्की 'अजून'?"

"हो."

"लहानपनी मी मागच्या दारी तेलाचे डबे वाजवायची. मना वाटायचा, बाबा आत झोपलेत." तिनं ओढणी तोंडाशी धरली. "म्हंजे ऐकत व्हते, काका. ते ऐकत व्हते."

ती रडत राहिली. मी तिच्या टेबलावरचे कागद माझ्याकडे ओढले आणि दोन बोटांनी टाइप करायला बसलो.