परत येण्याबाबत

पाणीपुरवठा कार्यालयातले मसुदेकाका गेली अठ्ठावीस वर्षं इंग्रजी पत्रांचे मसुदे लिहीत होते, आणि त्यांच्या एकाही पत्रात कुणीही काहीही केलेलं नव्हतं. पाइप कुणी फोडत नसे. तो 'अनफॉर्च्युनेटली अँड अनएक्स्पेक्टेडली' फुटलेला आढळे. तक्रार कुणी वाचत नसे. ती 'ड्यूली अँड केअरफुली' वाचली जाई. करणारा गायब आणि क्रियाविशेषणं दोन, ही काकांची पद्धत. एकट्या क्रियाविशेषणावर त्यांचा विश्वासच नव्हता. नुसतं 'सिन्सिअरली' लिहिलं तर वाचणाऱ्याच्या मनात शंका येते, सोबतीला 'वॉर्मली' असलं की शंकेला जागा उरत नाही, असं ते नव्या माणसांना सांगत.

स्वतः काका मात्र पाच महिने एकटेच होते. काकू मुलीच्या बाळंतपणाला म्हणून दुसऱ्या गावी गेल्या, त्या दीड महिन्याच्या बोलीवर. बाळ आता पालथं पडायला लागलं होतं आणि काकूंचा पत्ता नव्हता. काका रोज संध्याकाळी फोन करत. "कसं आहे?" "ठीक. तुमचं?" "ठीक." मग बाळाचं वजन, मग फोन बंद. तो ठेवल्यावर काका तासभर खुर्चीतच बसून राहत. घर खायला उठायचं. पण "तुझ्यावाचून करमत नाही" हे वाक्य त्यांच्या तोंडून आयुष्यात कधी निघालं नव्हतं, आणि साठीच्या तोंडावर ते कुठून सुरू करायचं हेही ठाऊक नव्हतं.

म्हणून एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, त्यांनी कागद ओढला आणि ज्या भाषेचं हाताला वळण लागलेलं होतं तिच्यात मन मोकळं केलं. काकूंना इंग्रजी येत नव्हतं, पण जावई वाचून दाखवेल, म्हणजे आपल्याला समोर बोलायला नको, असा हिशेब. मायना काही सुचेना, तेव्हा तो गाळून थेट विषय लिहिला: परत येण्याबाबत. खाली मजकूर. आपली अनुपस्थिती 'डीपली अँड कंटिन्युअसली' जाणवते. आपण गेल्यापासून चहा 'बॅडली अँड हरीडली' केला जातो. खिडक्या 'रेअरली अँड अनविलिंगली' उघडल्या जातात. आपली खुर्ची रिकामी ठेवण्यात आली आहे. आपल्या परतण्याची वाट 'पेशंटली अँड होपफुली' पाहिली जात आहे.

शेवटच्या ओळीवर काकांचे डोळे भरून आले. तेवढ्यात साहेबांच्या बुटांचा आवाज आला. काकांनी कागद झटकन शेजारच्या फायलीत सारला आणि नाक शिंकरलं. साहेबांनी त्यांना बोलावून तिथूनच पाण्याच्या टाकीवर पाठवलं, आणि घोटाळ्याला सुरुवात झाली.

कारण त्या कार्यालयाचा एक नियम होता. काका मसुद्यावर पत्ता लिहीत नसत. मसुदा ज्या फायलीत, तिच्यातल्या माणसाला पत्र. टायपिस्ट बाईंनी टेबलावरची फाइल उचलली. ती होती माजी अधीक्षकांच्या पेन्शनची. ह्यांना सगळे घड्याळसाहेब म्हणत, कारण दहा वाजून एक मिनिटाला ते दारात उभे राहून येणाऱ्याकडे नुसतं बघायचे. चार महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले तेव्हा कार्यालयाने त्यांना हार घातला आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

बाईंनी मजकूर वाचला. चहा वाईट होतो, खरंच आहे. खिडक्या कुणी उघडत नाही, हेही खरं. खुर्ची रिकामी आहे, अजून जागा भरलेली नाही. "बोलावतायत वाटतं परत," म्हणत बाईंनी कपाळाला हात लावला आणि पत्र टाइप केलं. साहेबांनी सही केली. काकांचा मसुदा साहेबांनी कधीच वाचला नव्हता. त्यात चूक नसते आणि अर्थही नसतो, असं त्यांचं मत होतं.

काकांनी दुसऱ्या दिवशी कागद शोध शोध शोधला. शेवटी केरात गेला असेल अशी स्वतःची समजूत घातली.

सोमवारी दहाला दहा कमी असताना घड्याळसाहेब हजर. कडक इस्त्री, हातात डबा. त्यांनी खुर्चीवरच्या फायली खाली ठेवल्या, खुर्ची पुसली, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि दारात जाऊन उभे राहिले.

"साहेब, आपण इकडे कसे?" दहा वाजून चार मिनिटांनी आलेल्या टायपिस्ट बाईंनी अंग चोरत विचारलं.

"बोलावलंय मला. चार मिनिटं उशीर झालाय तुम्हाला."

साहेबांना पत्र दाखवण्यात आलं. खाली स्वतःचीच सही! "हे मी केलं?" असं विचारायची सोय नव्हती, कारण मग न वाचता सही केल्याचं कबूल करावं लागलं असतं. "या, या," साहेब कसंबसं म्हणाले. "वाटच बघत होतो."

"पेशंटली अँड होपफुली," घड्याळसाहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज चक्क कापला.

काकांच्या हातातलं पेन खाली पडलं.

तीन दिवसांत कार्यालयाची पार दैना झाली. चहा घड्याळसाहेबांच्या देखरेखीखाली उकळू लागला. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असते, हा शोध पुन्हा लागला. सगळे काकांकडे खाऊ का गिळू नजरेने बघायला लागले, कारण ती दोन-दोन क्रियाविशेषणांची भाषा दुसऱ्या कुणाची असणं शक्यच नव्हतं. काका मान खाली घालून बसत. खरं सांगावं तर जग हसणार, न सांगावं तर हे संकट कायमचं. शिवाय घड्याळसाहेब जेवताना त्यांना म्हणाले होते, "घरी काय आहे हो? सून म्हणते, बाबा जरा बाजूला बसा, केर काढायचाय. मी दिवसभर बाजूलाच बसलेला असतो." ह्यानंतर काकांनी आपला डबा अर्ध्यावरच बंद केला.

बुधवारी दुपारी साहेबांनी काकांना आत बोलावलं आणि पत्र समोर आपटलं.

"हे तुमचंच ना? मी कधी सांगितलं होतं तुम्हाला, त्यांना बोलवा म्हणून?"

"नाही साहेब."

"मग कुणाला जाणवतेय अनुपस्थिती? कोण बघतंय वाट?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"मी," ते म्हणाले. "मी बघतोय. बायकोची. पत्र तिला होतं साहेब. चुकून त्या फायलीत गेलं."

साहेब हसणारच होते, पण त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. घड्याळसाहेब चहाचे कप घेऊन उभे होते. त्यांनी कप टेबलावर ठेवले, पत्र उचललं आणि नीट घडी केली.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "तीस वर्षांत तुम्ही कुणी माझ्यासाठी दोन शब्द बोलला नाहीत, आणि एकदम एवढे सगळे कसे? पण खरं धरून चाललो. हे मी ठेवून घेऊ?"

"ठेवा," साहेब म्हणाले, आणि तीन दिवस ज्यांची पाठ बघायला आसुसले होते त्यांना खुर्ची पुढे करून म्हणाले, "बसा. चहा घेऊन जा."

घड्याळसाहेब बसले नाहीत. ते काकांकडे वळले. "वहिनींशी बोलता ना रोज? काय सांगता?"

"सगळं ठीक आहे म्हणून सांगतो."

"मग त्या कशाला येतील? लावा फोन. आत्ता. माझ्यासमोर."

अधीक्षकांचा हुकूम मोडायची काकांना सवय नव्हती. त्यांनी फोन लावला.

"अहो, ह्या वेळी? बरं आहे ना?" पलीकडून काकूंचा घाबरा आवाज आला.

"नाही."

"काय होतंय? ताप आहे?"

"ताप नाही. तू नाहीस. मला करमत नाही. ये ना."

पलीकडून काकूंनी नाक ओढल्याचा आवाज आला.

"दोनदा तिकीट काढलं मी," काकू म्हणाल्या. "दोन्ही वेळा रद्द केलं. पोरगी म्हणाली, आई जा आता, माझं मी बघते. पण तुम्हाला रोज विचारावं तर रोज ठीक! म्हटलं, ह्यांना माझ्यावाचून इतकं ठीक चाललंय, तर जाऊन करू काय? रोज रात्री उशी भिजवत होते मी इथं."

काकांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"येते उद्याच," काकू म्हणाल्या. "पण ते आधी पुन्हा म्हणा."

काकांनी वर पाहिलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. दारात टायपिस्ट बाई आणि त्यांच्यामागे सगळं कार्यालय जमलं होतं, आणि घड्याळसाहेबांनी कामाच्या वेळेत कुणालाही जागेवर जायला सांगितलं नाही.

"मला करमत नाही," काका मोठ्याने म्हणाले.