अण्णा महाजनांची आपत्ती

अण्णा महाजनांसमोर ‘धूर’ हा शब्द काढायची सोय नव्हती. कोणी काढलाच, तर ते जरा मागे सरत आणि दुरुस्ती करत, “हवा म्हणा. दाट हवा.”

निमाडातल्या आमच्या शहरात, बुधवारा पेठेतल्या बोळात, वखारीच्या मागच्या अंगाला, दिवसभर भट्टी धुमसत असे. दगडी कोळसा अर्धवट जाळून त्याचा शेगडीचा कोळसा करत, आणि तो होईस्तोवर सगळा बोळ डोळे चोळत बसे. वाळत घातलेली माझी पांढरी पातळं संध्याकाळी ठिपक्यांची होऊन घरात येत. एकदा मी तसलं एक पातळ घेऊन तरातरा अण्णांकडे गेले. त्यांनी ते उजेडात धरलं, चष्मा वर-खाली करून पाहिलं आणि म्हणाले, “बाई, काळं आहे, कबूल. पण भट्टीचंच आहे, हे सिद्ध कुठं झालं?” पातळ मी घरी आणून पुन्हा धुतलं.

अण्णा लाकूड-कोळसा व्यापारी मंडळाचे चिटणीस होते. त्यांची स्वतःची वखार नव्हती. आधी कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून होते. अक्षर सुरेख, बोलणं गोड, आणि कुठल्याही साहेबाच्या दारातल्या शिपायाशी बघता बघता घरोबा. एवढ्या भांडवलावर व्यापाऱ्यांनी त्यांना उचललं आणि राहायला वखारीच्या माडीवरची खोली दिली. खोली हवेशीर होती, फक्त हवा खालच्या भट्टीची होती.

भट्ट्या वेशीबाहेर न्याव्यात असं कुठल्या ना कुठल्या साहेबाच्या मनात अधूनमधून यायचं. मग अण्णा धोतराचा सोगा खोचून, तेव्हा राजधानी असलेल्या नागपूरच्या गाडीत बसत. सोबत केळीची करंडी आणि मावा जिलेबी. परत येताना ते एक समिती घेऊन येत.

“विरोध नाही करायचा बाई,” ते मला समजावत. मी समोरच राहायची आणि मुलींच्या शाळेत शिकवायची, म्हणून मला काही समजावण्यात त्यांना विशेष गोडी असे. “विरोध केला का साहेब चिडतो. आपण अभ्यास मागायचा. अभ्यास म्हटलं का साहेब खुश, आपण बी खुश, अन् भट्टी चालू!”

मुद्दे तर त्यांच्याकडे ढिगाने. “तापीकाठचा शेतकरी थंडीत केळीच्या बागेत काय करतो? कचरा पेटवतो. का? केळीला ऊब लागते. मंग जे केळीला मानवतं, ते माणसाला का नाही मानवणार?” दुसरा मुद्दा पावसाचा. दाट हवा वर जाते, तिचे ढग होतात, ढगांचा पाऊस होतो. भट्ट्या बंद केल्या तर सगळं निमाड कोरडं पडेल! एका वर्षी भट्ट्या जोरात असूनही पाऊस रुसला. देडतलाईहून लाकडाची गाडी घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याने त्यांना भर वखारीत अडवलं. अण्णा म्हणाले, “मंग भट्ट्या कमी पडल्या, भाऊ.”

या सगळ्यात एक अडचण होती. नलूकाकू, म्हणजे अण्णांची बायको, दम्याच्या होत्या. भट्टी पेटली की माडीवरून खोकला ऐकू यायचा. तो सुरू झाला की अण्णा बोलता बोलता थांबत, खोकला संपेपर्यंत वर बघत उभे राहत आणि मग वाक्य सोडलं होतं तिथूनच पुढे उचलत. मी एकदा विचारलंच त्यांना. “तिच्या आत्यालाबी होता,” एवढंच म्हणाले आणि चप्पल शोधायला लागले.

काकू जास्त सरळ बोलत. “भट्टी गेली तर मले बरंच आहे, पोरी. पण भट्टी गेली म्हंजे ह्यांचं कामबी गेलं, खोलीबी गेली. या वयात ह्यांना कोण ठेवतं?” त्या हसून बोलत, मला मात्र ऐकवत नसे.

मग राज्यांची नवी जुळवाजुळव झाली. नागपूर तिकडे दुसऱ्या राज्यात गेलं, आम्ही इकडे हिंदी राज्यात राहिलो आणि आमची राजधानी झाली भोपाळ. अण्णांचे इतक्या वर्षांचे शिपाई एका रात्रीत परराज्यात गेले. “एवढी माणसं जमवली होती, सारी वाया गेली!” म्हणून ते कितीतरी दिवस सुतकात असल्यासारखे वावरत होते. त्यातच भोपाळहून नोटीस आली, ती हिंदीत. शहरातल्या भट्ट्या वेशीबाहेर नेण्याचा प्रस्ताव आहे, आणि खाली ठळक अक्षरांत: “आपत्तियाँ आमंत्रित हैं।”

हिंदी आम्हाला येत होती, पण बाजाराची. बाजारात हरकतीला ‘एतराज’ म्हणत. आपत्ती म्हणजे आपल्याला ठाऊक असलेली आपत्ती. अण्णांनी नोटीस वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. “बघा बाई, याला म्हणतात सरकार! नागपूरवाल्यांनी कधी इचारलं का, का बाबा तुझ्यावर काय आपत्ती आली?” मलाही त्यात काही खटकलं नाही. सरकार नवं होतं, त्याला लोकांची दुःखं जाणून घ्यायची असतील, असंच मला वाटलं.

अण्णांनी सगळ्या वखारवाल्यांना कामाला लावलं. ज्याच्यावर जी आपत्ती असेल ती त्याने सांगायची, अण्णा ती झकास हिंदीत उतरवून द्यायचे.

सुनावणी आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये होती, त्यामुळे मी होते. भोपाळचे साहेब तरुण आणि सभ्य होते. त्यांनी पहिला कागद मोठ्याने वाचला: बैल मेला. दुसरा: विहिरीचं पाणी खारट लागलं. तिसऱ्यात शनवाऱ्याच्या एका वखारवाल्याचा जावई नोकरी सोडून सासरी येऊन राहिला होता आणि दोन्ही वेळा तुपाशिवाय जेवत नव्हता. साहेबांनी कागद खाली ठेवला.

“ये तो दुख की बातें हैं,” ते म्हणाले. “आपत्ति किसे है?” मग पुढच्या खुर्चीतल्या अण्णांकडे वळले. “सचिव जी, आप बताइए। आपको क्या आपत्ति है?”

अण्णा उठले. मंडळाच्या वतीने करायचं भाषण त्यांनी पाठ केलं होतं, हे मला माहीत होतं. पण साहेबांनी विचारलं होतं ते ‘आपको’. एवढ्या वर्षांत कुठल्या साहेबाने त्यांना स्वतःचं काही विचारलं नव्हतं.

“मेरी आपत्ती, साब...” अण्णा म्हणाले, “मेरी घरवाली। साँस नहीं ले सकती। हम ऊपर रहते, नीचे भट्टी। धुआँ सब ऊपर आता। दिनभर तड़पती है, और मैं नीचे बैठके देखता।”

शेजारच्या वखारवाल्याने अण्णांचा सदरा ओढला आणि कळवळून कुजबुजला, “अण्णा, काय बोलून राह्यले? आपत्ती म्हंजे एतराज! भट्टी हालवायला एतराज आहे का, ते इचारून राह्यला तो!”

अण्णांचा चेहरा पार उतरला. चूक त्यांना कळली होती, आणि ती सुधारायला वेळही होता. साहेब वाट बघत होते, मंडळ वाट बघत होतं. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“एतराज नहीं है, साब,” ते म्हणाले आणि खाली बसले. मला त्या क्षणी उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

मंडळाने त्यांना त्याच आठवड्यात काढलं. खोलीही गेली. भट्ट्या हलायला पुढे बराच काळ लागला, पण अण्णा-काकू त्याआधीच तापीच्या बाजूला, एका ओळखीच्याच्या केळीबागेतल्या दोन खोल्यांत राहायला गेले. अण्णा तिथे पाण्याच्या पाळ्या बघू लागले. मंडळातलं कोणी त्यांच्याकडे फिरकलं नाही, आणि वाद घालायला माणूस नाही म्हणून ते कासावीस होत असतील, हे मला माहीत होतं.

एका रविवारी दुपारी मी गेले. अण्णा बाहेर खाटेवर एकटेच बसले होते. मला बघून इतके खुश झाले की मी पोहोचायच्या आधीच पावसाच्या मुद्द्यावर येतील असं वाटलं. मी लांबूनच “अण्णा!” म्हणून हाक मारली. त्यांनी घाईघाईने दोन्ही हात वर करून मला थांबवलं, आणि दारातून आत बोट दाखवलं.

“हळू, बाई,” ते म्हणाले. “किती वर्सं उशी पाठीला लावून, बसून झोपली ती. आज आडवी झोपली आहे.”