साहेबांचा अंगठा

शाळाशाळांतले वाचनवर्ग तपासणारे साहेब नववीच्या एका बाकावर टेकले, खिशातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिथंच फसले. चष्मा बायकोचा होता. तपासणीच्या चाळीस प्रश्नांच्या तक्त्यात अक्षरांच्या जागी नुसत्या मुंग्या दिसत होत्या.

'चष्मा विसरलो' म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. एखादा शिक्षक खडू विसरला तरी हेच साहेब पानभर शेरा मारत. बाई फळ्याकडे वळल्या तशी त्यांनी तक्त्याची एक प्रत शेजारच्या मुलीपुढे सरकवली.

"वाच बघू."

या मुलीनं वर्षभरात वर्गात तोंड उघडलं नव्हतं, हे त्यांना काय ठाऊक!

"वि... विद्यार्थी... आत्म... आत्मवि..." ती पुटपुटली. साहेब दुसऱ्या प्रतीत डोकं घालून मान डोलवत होते. तिनं चोरून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"काका, कागद उलटा आहे."

साहेबांनी तो घाईघाईनं फिरवला. तो आडवा झाला.

मुलीचा चेहरा एकदम निवळला. "तुम्हालाही येत नाही होय? लाजू नका. माझीपण जोडाक्षरं अडतात."

"अगं, तसं नाही..."

"मीपण आधी असंच म्हणायचे."

मग त्यांना कळावं म्हणून ती ओळीखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागली. "विद्यार्थी आत्मविश्वासाने वाचतात काय?" सगळा वर्ग वळून पाहू लागला. बाईंच्या हातातला खडू हवेतच राहिला.

"काय लिहू, काका?"

आता खरं सांगावं तर पोरीचं हसं, न सांगावं तर आपलं. साहेबांनी आपल्या प्रतीवर बोट टेकवलं.

"'हो' लिही. आणि जरा सावकाश गं, माझं बोट मागे राहतंय."

चाळीसच्या चाळीस प्रश्न तिनं वाचले. तेवढ्यात मुख्याध्यापिका आल्या. "झालं का, साहेब? सही करता?"

मुलगी ताडकन उठली. "मोठ्या बाई, असं चारचौघांत नका ना विचारू त्यांना!" आणि धावत जाऊन कार्यालयातून शाईचं पॅड घेऊन आली.

अठरा वर्षं दुसऱ्यांच्या अहवालांवर लाल रेघा ओढलेल्या साहेबांनी मुकाट्यानं अंगठा उठवला.

"गुरुवारी परत या," ती हळूच म्हणाली. "सही शिकवते."

गुरुवारी साहेब रजा टाकून आले. तिनं त्यांना अगदी पुढं, आपल्या शेजारी बसवलं. मागं बसणाऱ्यांचं अभ्यासात लक्ष नसतं, असं तिचं मत होतं.