मुद्देमाल: मासा, एक नग

२००३ साली एका रविवारी सकाळी समोरच्या सबनीसकाकांनी माझ्यावर मासा बदलल्याचा आरोप ठेवला. आरोप लेखी होता. पोच म्हणून त्यांनी माझी सहीही घेतली.

सबनीस वसई कोर्टात नाझर होते. जप्तीच्या वस्तूंना चिठ्ठ्या बांधण्यात त्यांची तीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर गोखिवऱ्यातल्या आमच्या इमारतीत ते एकटेच राहत. पत्नी वारलेली, मुलगा अमेरिकेत. लोणच्याच्या बरणीलाही चिठ्ठी असे: 'कैरी. सीलबंद.' लिफ्ट बंद पडली तरी म्हणत, "रेकॉर्डवर घ्या."

त्यांच्या घरी काचेच्या टाकीत पाळलेला मासा समुद्रातला होता: गडद निळा, अंगावर पांढऱ्या गोल रेघा. त्याच्यासाठी ते कळंबच्या किनाऱ्यावरून एसटीनं खाऱ्या पाण्याचे दोन कॅन आणत. कंडक्टर म्हणे, "काका, थोडा समुद्र तिथं पण राहू द्या."

मुलाकडे सहा महिने जाताना त्यांनी मला किल्ली दिली आणि माशाचं रंगीत चित्र दिलं. ओळखीसाठी. परत आले तेव्हा टाकीतल्या माशावर पिवळे आडवे पट्टे होते. मी रोज पाहत होतो, त्यामुळे रंग कधी पालटला ते मला कळलंच नव्हतं.

"माझा मेला असेल तर सरळ सांगा. हा बदली कशाला आणलात?"

"काका, तोच आहे हो."

"पुरावा?"

पुरावा नव्हता. सबनीसांनी टाकीला चिठ्ठी लावली: 'मुद्देमाल. मासा, एक नग. ओळख पटलेली नाही.' खाणं मात्र वेळेवर घालत, कळंबच्या खेपाही चालूच. मी विचारलं तर म्हणाले, "मालक मिळेपर्यंत सांभाळावं लागतं. नियम आहे." माझ्याशी एवढंच बोलणं. अमेरिकेबद्दल कुणी विचारलं तर, "ठीक."

दारावर मासळी घेऊन येणाऱ्या मथुराबाईंना त्यांनी साक्षीला बोलावलं.

"याचं नाव काय?"

"जो आमी इकत नाय, त्याला नाव कशाला?"

"हा तोच मासा आहे का?"

"रंग पालटला म्हनून काय मासा पालटतो? तुमचे केस पन पयले काले व्हते नी, काका?"

साक्ष फेटाळण्यात आली.

पाचव्या आठवड्यात मला मत्स्यशास्त्राचे एक प्राध्यापक भेटले. त्यांच्या पुस्तकात एकाच जातीची तीन चित्रं होती. पिल्लू: निळं, पांढऱ्या गोल रेघांचं. मधली अवस्था: गोल रेघा विरत चाललेल्या, पट्टे उमटू लागलेले. मोठा मासा: पिवळ्या पट्ट्यांचा. खाली नाव: एम्परर एंजल.

पुस्तक मी मागून आणलं. सबनीसांनी चष्मा पुसला. एकेक चित्र टाकीच्या काचेला लावून पाहिलं. मधल्यापाशी थांबले.

"म्हणजे सहा महिने हा इथेच होता?"

"इथेच."

त्यांनी चिठ्ठी सोडवली. आरोप मागे घेतल्याचं लिहून दिलं आणि सही घेतली. मग स्टूल ओढून टाकीसमोर बसले.

"विमान दोन तास उशिरा सुटलं," ते माशाला म्हणाले.

मी आत जाऊन चहा टाकला. कप त्यांच्याजवळ ठेवला तेव्हा विमान अजून उतरलं नव्हतं. मासा काचेशी होता. मी दार ओढून घेत होतो, तेव्हा ते नातवापर्यंत पोहोचले होते.

"मराठी येत नाही रे त्याला," ते सांगत होते.